एका गीतसंचाचे दोन जन्म

१ एप्रिल १९५५ रोजी शुक्रवार होता आणि रामनवमीही होती. त्या दिवशी सकाळी पावणेनऊ वाजता पुणे नभोवाणी केंद्रावरून एक नवे मराठी गीत प्रक्षेपित झाले. वाल्मीकीच्या आश्रमात वाढलेले दोन कुमार प्रत्यक्ष रामापुढे रामकथा गात आहेत, असा त्या गीताचा प्रसंग. गीत गजानन दिगंबर माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची, राग भूप. पुढे वर्षभर दर आठवड्यास एक या क्रमाने छप्पन्न गीते झाली आणि 'गीतरामायण' या नावाने ती महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन बसली.

आज 'गीतरामायण' हा शब्द उच्चारताच कानी येतो तो एकच आवाज, फडक्यांचा. राम तोच, सीता तोच, कैकेयीवर संतापलेला भरत तोच आणि शोक करणारी कौसल्याही तोच. हा आवाज तबकड्यांतून आणि पुढे ध्वनिफितींतून आला. परंतु १९५५ साली श्रोत्यांनी जे ऐकले ते असे नव्हते. तेथे रामाचा कंठ फडक्यांचा असला, तरी इतर पात्रांना इतर कंठ लाभले होते. एकच काव्य, त्याच चाली, आणि तरीही दोन निराळ्या वस्तू. या दोन वस्तूंमधील अंतर कसे पडले, त्यात काय हरवले आणि काय हाती लागले, ही हकिकत मराठी गाण्याच्या इतिहासात जितक्या बारकाईने पाहिली जावयास हवी तितकी पाहिली गेलेली नाही.

आरंभ केंद्रापासूनच करावा लागतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. म्हणजे गीतरामायणाच्या पहिल्या दिवशी त्याचे वय अवघे दीड वर्षाचे होते. त्यापूर्वी पुणेकरांना मुंबई केंद्रावर विसंबावे लागे. नव्या केंद्रास आपले म्हणता येईल असे काही तरी हवे होते, आणि दिल्लीचे धोरणही त्याला अनुकूल होते. नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना केंद्रांवरून जवळजवळ हद्दपार केले होते. श्रोते त्यामुळे रेडिओ सिलोनकडे वळले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण त्याच धोरणाची दुसरी बाजू अशी की, केंद्राकेंद्रांतून सुगम संगीताची स्वतंत्र निर्मिती करणे अधिकाऱ्यांना भाग पडले. चित्रपटांची गाणी लावावयाची नाहीत, तर मग लोकांना ऐकवावे काय? या प्रश्नाचे पुण्याने दिलेले उत्तर देशातील सर्वांत यशस्वी उत्तरांपैकी एक ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही. एका मंत्र्याच्या हट्टाने कधी कधी अशीही फळे येतात.

कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने आकारास आली. लाड माडगूळकरांचे स्नेही. माडगूळकर आणि फडके ही जोडी तेव्हा नवखी नव्हती. दोघांचाही जन्म १९१९ सालचा. फडके कोल्हापूरचे, माडगूळकर माणदेशातले. फडक्यांनी १९४१ च्या सुमारास 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीत चाली बांधण्यास आरंभ केला आणि पुढे ते पुण्याच्या 'प्रभात'मध्ये आले. माडगूळकर चित्रपटांच्या कथा, संवाद आणि गीते लिहीत. 'वंदे मातरम्' या १९४८ सालच्या चित्रपटापासून तर ही दोन नावे एकत्र उच्चारण्याची लोकांना सवयच लागली. योगायोग असा की, फडक्यांचे पाळण्यातले नाव रामचंद्र, आणि माडगूळकरांचे वाकडेवाडीचे घर 'पंचवटी'. लोकांना अशा योगायोगांचे भारी कौतुक. ते आजही सांगितले जातात.

परंतु योगायोगांनी गीते होत नाहीत. वाल्मीकीचे रामायण सात कांडांचे, चोवीस हजार श्लोकांचे. ते बावन्न आठवड्यांत, आठवड्यास एक गीत या मापाने सांगावयाचे, हा संकल्प. त्या वर्षी पंचांगात अधिक मास आला. पुढची रामनवमी त्यामुळे महिनाभर लांबली आणि चार गीते वाढली. १ एप्रिल १९५५ पासूनचे पंचावन्न शुक्रवार आणि १९ एप्रिल १९५६ हा रामनवमीचा गुरुवार मिळून छप्पन्नांची बेरीज बरोबर जुळते. एखाद्या काव्याची लांबी चांद्रमासाने ठरावी, हे नभोवाणीच्या युगातच शक्य होते.

दर आठवड्याचा हा क्रम ऐकावयास सोपा वाटतो. प्रत्यक्षात कवीने लिहावे, संगीतकाराने चाल लावावी, गायकाने ती घोटावी, वादकांनी साथ बसवावी, ध्वनिमुद्रण व्हावे आणि शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ते श्रोत्यांच्या कानी पडावे. शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी त्याची पुनरावृत्ती व्हावी, तोवर पुढच्या गीताची घाई सुरू झालेली असावी. ग्रंथ लिहिणाऱ्यास मागे वळून खोडता येते. माडगूळकरांना ती सवड नव्हती. बालकांड प्रक्षेपित झाले तेव्हा युद्धकांड लिहावयाचेच होते. पहिल्याच गीताच्या वेळची गोष्ट प्रसिद्ध आहे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कवीने दिलेला कागद फडक्यांच्या हातून गहाळ झाला. लाड अस्वस्थ. शेवटी त्यांनी माडगूळकरांना लेखनसाहित्यासह एका खोलीत बसविले आणि बाहेरून कडी घातली. पंधरा मिनिटांत गीत पुन्हा कागदावर उतरले. ही गोष्ट कवीच्या स्मरणशक्तीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात. ती दुसऱ्याही एका गोष्टीचे उदाहरण आहे: शुक्रवार कोणासाठी थांबत नाही.

या प्रक्षेपणाचे स्वरूप आता नीट पाहू. गीते पात्रमुखी आहेत. कवी स्वतः कथा सांगत नाही; त्या त्या प्रसंगी जो बोलावयाचा तो बोलतो, दशरथ, विश्वामित्र, कौसल्या, निषाद, शूर्पणखा, हनुमान. म्हणून गायकही अनेक हवे होते, आणि ते मिळालेही. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर ही त्यांतील काही नावे. ही नुसती नामावळी वाचली तरी ध्यानात येते की, ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपटगीत या चारही घरांतील माणसे एका कार्यक्रमात आली होती. एरवी ही घरे एकमेकांकडे फारशा आदराने पाहत असत असे नव्हे.

साथीचीही एक गंमत आहे. नभोवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती. तिच्या बांधीव स्वरांत आपल्या रागांतील श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप. आणि ही बंदी १९७० नंतरच सैल होत गेली. गीतरामायण घडले ते या बंदीच्या काळात. गळ्याच्या मागोमाग जाण्याचे जे काम इतरत्र पेटी करी, ते येथे तंतुवाद्यांकडे आले, आणि प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनचा त्यात मोठा वाटा होता. पुढे लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र कायमचे कोरले गेले ते मात्र याच्या नेमके उलट: समोर पेटी घेऊन बसलेले, स्वतःच वाजवीत गाणारे फडके. हे चित्र रंगमंचावरचे. नभोवाणीच्या गीतरामायणाचे नव्हे.

लोकांवर झालेल्या परिणामाबद्दल खूप लिहिले गेले आहे. येथे थोडेच पुरे. रेडिओ तेव्हा प्रत्येक घरी नव्हता. ज्याच्या घरी तो असे त्याच्याकडे आळीतील माणसे शुक्रवारी जमत. कित्येक ठिकाणी यंत्रालाच हार घालून उदबत्ती लावीत. पुण्यातील वृत्तपत्रे त्या त्या आठवड्याचे गीत छापू लागली. आणि मग ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीस, छप्पन्न गीतांचे पुस्तक सरकारच्या प्रकाशन विभागाने दिल्लीहून काढले.

येथे जरा थांबावयास हवे. पुस्तक निघाले, पण तबकडी कोठे होती? इतकी लोकप्रिय गीते आणि बाजारात त्यांची ध्वनिमुद्रिका नाही, हे विचित्र वाटते. याची कारणे अनेक असतील. मात्र एक कारण अगदी यांत्रिक आहे आणि तेच मोलाचे आहे. तोवरच्या नेहमीच्या तबकडीच्या, म्हणजे मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या, एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मराठी गाण्याने या साडेतीन मिनिटांशी तीस-चाळीस वर्षे तडजोड केली होती. बालगंधर्वांची रंगभूमीवर रंगत जाणारी पदे तबकडीवर आटोपती झाली. भावगीताचा तर जन्मच या मापात झाला: ध्रुवपद, दोन-तीन कडवी, संपले. कवितेची उरलेली कडवी पुस्तकात राहत.

गीतरामायणातील गीते या मापात बसत नाहीत. भरतभेटीच्या प्रसंगी राम जे गातो ते यमनकल्याणातील गीत दहा कडव्यांचे आहे. त्यातील तीन कडवी निवडून तबकडी काढता आली असती. पण मग रामाने भरताची समजूत घातली असे वाटण्याऐवजी त्याने एक सुभाषित म्हणून दाखविले, असे वाटले असते. समजूत घालावयास वेळ लागतो. तो वेळ नभोवाणीच्या पाव तासाने कवीला दिला. या अर्थाने गीतरामायण ही नभोवाणीची निर्मिती आहे, आणि केवळ तेथून प्रक्षेपित झाली म्हणून नव्हे, तर तिच्या लांबीचा साचाच तेथला म्हणून.

याच काळात परदेशात या मापाविरुद्ध दुसऱ्या दिशेने हालचाल चालू होती. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ साली मिनिटास तेहेतीस व एक तृतीयांश फेऱ्यांची दीर्घ तबकडी काढली. हिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मावे. तोवर 'आल्बम' म्हणजे अक्षरशः चित्रांच्या वहीसारखे पुस्तक असे. त्याच्या पाकिटांत लाखेच्या चार-सहा तबकड्या ठेवीत. दीर्घ तबकडीने ते पुस्तक एका चकतीत आणले, पण नाव तेच राहिले. आणि मग गायकांना सुचले की, इतका वेळ एकसलग हाती आला आहे तर त्यात सुटी गाणी कोंबण्याऐवजी एकच भाव धरून गाणी गुंफावीत. अशा आरंभीच्या प्रयत्नांत ज्याचे नाव आवर्जून घेतात तो फ्रँक सिनात्राचा रात्रीच्या एकटेपणावरील गीतसंच न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या बाजारात आला तो एप्रिल १९५५ मध्येच. पुण्यात गीतरामायणाची पहिली तीन-चार गीते झाली होती तेव्हा. दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण गाणे हे सुटे फूल न राहता माळेतले फूल व्हावे, ही ओढ एकाच महिन्यात जगाच्या दोन टोकांना प्रकट झाली, एकीकडे तबकडीमुळे आणि दुसरीकडे तबकडीवाचून. पुढे दहा-बारा वर्षांत रॉक गाणाऱ्या तरुणांनी स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गायिलेले संच काढले आणि 'आल्बम' हीच त्यांच्या कलेची मुख्य वस्तू बनली. तिकडे हा प्रवास तबकडीपासून रंगमंचाकडे झाला. गीतरामायणाचा प्रवास नभोवाणीपासून रंगमंचाकडे आणि रंगमंचाकडून तबकडीकडे असा उलटा झाला.

कारण मधल्या काळात फडके गीतरामायण घेऊन गावोगाव फिरू लागले होते. नभोवाणी केंद्रावर जमलेला तो गायकांचा मेळा गावोगाव नेणे शक्य नव्हते. तेव्हा सर्व पात्रे फडक्यांनीच गावयाची, सोबत पेटी, तबला आणि मोजके वादक, दोन गीतांच्या मध्ये थोडे निवेदन, अशी रीत पडली. व्यवहाराची ही सोय होती. पण तिने एक जुनेच दार उघडले. महाराष्ट्राला एकाच माणसाने सर्व पात्रे उभी करण्याची सवय शतकानुशतके आहे. कीर्तनकार दुसरे काय करतो? तोच द्रौपदी होतो आणि तोच दुःशासन. श्रोत्यांना त्यात काही उणे वाटत नाही. फडक्यांच्या गळ्यातून सीता ऐकताना कोणास विस्मय वाटला नाही, याचे कारण या सवयीत आहे.

दीर्घ तबकडी भारतात रुळली, दमदमच्या कारखान्यात ती निघू लागली आणि मग 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने गीतरामायणाचा संच काढला तो या दुसऱ्या रूपाचा. दहा तबकड्या, छप्पन्न गीते, आवाज एक. वीस बाजू आणि छप्पन्न गीते असा हिशेब केला तर दर बाजूस तिनाहून थोडी कमी गीते येतात. म्हणजे एकेका गीतास सात-आठ मिनिटे. लाखेच्या तबकडीवर यातील अर्धेही मावले नसते. काव्यास अनुरूप असे यंत्र शेवटी मिळाले, पण तोवर काव्याचे गायन बदलून गेले होते.

तबकडीचा एक गुण असा आहे की, ती जे टिकविते तेच घडले होते असे लोकांस वाटू लागते. नभोवाणीचे बोल हवेत जातात. केंद्राच्या कपाटात ध्वनिफिती असल्या तरी त्या श्रोत्याच्या हाती नसतात. तबकडी मात्र घरात असते, ती हवी तेव्हा लावता येते, मुले ती ऐकत वाढतात. १९५५-५६ चे श्रोते जोवर सांगत होते तोवर 'माणिकबाईंनी गायिलेली सीता' हा शब्दप्रयोग कानी येई. पुढच्या पिढीस त्याचा अर्थ लागेनासा झाला. ज्या गायक-गायिकांनी शुक्रवारच्या त्या सकाळी आपला कंठ या काव्यास दिला त्यांतील कित्येकांचे नाव आज गीतरामायणाच्या संदर्भात क्वचितच घेतले जाते. हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, यात शंका नाही. त्यास कोणी व्यक्ती जबाबदार नाही. संच काढणाऱ्यांनी कोणाचे श्रेय हिरावले असे नव्हे. एक रूप मुद्रित झाले, दुसरे झाले नाही, इतकेच.

तथापि दुसरे रूप हे पहिल्याची काटकसरी नक्कल होय, असे जर कोणी म्हणेल तर तेही बरोबर नाही. माडगूळकरांनी रचलेली चौकट आठवावी. पहिल्या गीतात कुश आणि लव रामापुढे गावयास उभे राहतात. शेवटच्या, भैरवीतील गीतात वाल्मीकी त्या दोघांना निरोप देतो: जा, आता गा. म्हणजे छप्पन्नावे गीत संपते तेथे पहिले सुरू होते. मधली सर्व पात्रे, दशरथाचा विलाप, भरताचा त्रागा, आणि त्याआधीच्या पंचावन्नाव्या गीतातील टाकलेल्या सीतेचा प्रश्न, हे सारे त्या दोन मुलांच्या मुखातून येत आहे. ती मुले आपल्या आईचे दुःख बापापुढे गात आहेत आणि हे दुःख आपल्या आईचे आहे हे त्यांना ठाऊक नाही. ऐकणाऱ्या राजासही मुले कोणाची ते ठाऊक नाही. नभोवाणीवर सीतेस सीतेचा स्वतंत्र कंठ मिळाला तेव्हा प्रसंग जिवंत झाला, परंतु ही चौकट थोडी विसरली गेली. एकाच गायकाने सर्व गायिले तेव्हा प्रसंगाची धग काहीशी कमी झाली आणि चौकट परत आली. गाणारा हा पात्र नसून कथा सांगणारा आहे, हे श्रोत्यास सतत जाणवत राहिले. फडक्यांच्या गाण्यातील संयम, शब्द स्वच्छ टाकण्याचा त्यांचा कटाक्ष, तानबाजीचा मोह टाळणे, हे सारे निवेदकाचे गुण आहेत. नटाचे नव्हेत. वसंतराव देशपांड्यांच्या गळ्याला जे साधे ते येथे नाही. पण वसंतरावांना छप्पन्न गीते अशा समतोलाने सांगता आली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चालींच्या बळकटीचा आणखी एक पुरावा देता येतो. गीतरामायणाची भाषांतरे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, कोंकणी आणि संस्कृत अशा भाषांत झाली, आणि भाषांतरकारांनी मूळ चालींवर गाता यावे अशी शब्दयोजना केली. सामान्यतः चाल शब्दामागून जाते. येथे परक्या भाषांतले शब्द चालीमागून गेले.

माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी वारले. १९७९ साली पुण्यात रमणबागेच्या पटांगणावर गीतरामायणाचा रौप्यमहोत्सव आठ दिवस झाला. दहा तबकड्यांचा संच तोवर कित्येक घरांत होता, गीते बहुतेकांना पाठ होती, आणि तरीही पटांगण भरून माणसे आली. समोर पेटी घेऊन फडके बसले होते. त्यांनी कुश-लवांपासून आरंभ केला.